सोयरिकीची चौकशी

त्या साली बेळगावकडच्या गुंजीच्या अंगाला भात बक्कळ पिकलं आणि तिथंच सगळा घोळ झाला. पिकलं नसतं तर चोरायला होतं काय? कापणी उरकून पेंढ्या खळ्यावर आल्या आणि आज ह्या वाडीतलं, उद्या त्या वाडीतलं मळलेलं भात उजाडायच्या आत नाहीसं व्हायला लागलं. कुणाची दोन पोती, कुणाची अख्खी रास. माणसं एकमेकांच्या अंगणात डोकावायला लागली. वाटसरूला तंबाखूची चिमूट दिल्याशिवाय पुढं जाऊ न देणारे लोक आता त्याला उभ्याउभ्याच विचारायचे, "कुठला रं तू? आन् हिकडं कशाला?"

करंजवाडीच्या नागोजीच्या खळ्याकडे मात्र कुणी फिरकलं नव्हतं. फिरकणार कोण? तिथं भरमू होता.

भरमू हा नागोजीचा गडी. उंच, हाडापेरानं मोठा, बोलायला कमी. जंगलात लाकूडतोडीला आलेला. तिथंच एकदा सागाचा ओंडका गडगडत आला आणि नागोजीचा उजवा हात त्याच्याखाली सापडला, तेव्हा ह्यानं एकट्यानं पहार घालून तो ओंडका उचलून धरला होता. हात वाचला, पण तीन बोटं गेली. विळा धरता येईना, नांगराची मूठ धरता येईना. नागोजीला मुलगा नाही, एकटी जया. शेत पड पडायची वेळ आली, तेव्हा भरमू आपण होऊन नांगरामागं उभा राहिला, तो आजतागायत. मळणी लागली की लंगोटी लावून बैलांमागं फिरायचा. घामेजल्या पाठीला भुसा चिकटलेला, नडग्यांवर पेंढ्यांचे ओरखडे. नागोजीची बायको मालुबाई ताकाचा तांब्या घेऊन आली की खाली बघत पिऊन टाकायचा.

माघात जयाचं त्याच्याशी लग्न करायचं, त्याला घरजावई करून घ्यायचं, असं नवराबायकोनं ठरवून टाकलं होतं. जयाला विचारलं तर ती चुलीतलं लाकूड पुढं सारत म्हणाली, "तुमी म्हंशीला तसं." आणि त्या दिवशी तिच्या भाकरी जरा जास्तच पातळ झाल्या. पोरीचा जीव जडला होता. आईबापाला एवढं कळत नसेल तर मग कळतं तरी काय?

हे गिळवेना ते नागोजीच्या चुलतभावाला, भावकूला. अण्णाला मुलगा नाही म्हटल्यावर ते शेत आज ना उद्या आपल्याच पोरांच्या नांगराखाली येणार, असं तो मनात धरून बसला होता. दुपारी खळ्यावर आला, राशीतलं मूठभर भात तळहातावर घेतलं, फुंकर घातली आणि म्हणाला, "अण्णा, एक इचारू?"

"इचार की."

"ह्यो भरमू उठला की घोंगड्याची घडी कशी घालतोय, बघितलायस?"

"घालतोय की. त्यात काय?"

"चारी कोपरं जुळवून घालतोय. आन् मुकादमाची नायतर गाडीची शिट्टी वाजली की बसल्या जागंवरनं ताडकन उटतोय. जेवताना बघ. उकिडवा बसून, कुणाकडं न बघता ताटली साफ. आपल्यात कोण जेवतंय असं? ही सगळी हिंडलग्याच्या जेलातली शिस्त हाय, अण्णा."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? लोकं बोलाय लागल्यात. आन् एवढ्या चोऱ्या चालल्यात, तुझंच खळं तेवढं कसं वाचतंय?"

नागोजी हसला. पण भावकू गेल्यावर सूप हातात घेतलं तर पाखडण्यात त्याचं मन लागेना. भरमूनं त्याला सगळं कधीच सांगितलं होतं. निपाणीकडचा, मानमोडीच्या साथीत घरचं एकूणएक माणूस गेलं, मग जंगलातल्या तळावर वाढला. तिथला मुकादम पहाटे शिट्टी मारून माणसं मोजायचा आणि ज्याच्या घोंगड्याची घडी नीट नसेल त्याला भाकरी द्यायचा नाही. नागोजीनं ते ऐकलं होतं, आणि पटलंही होतं. आता मात्र पहाटे तो अंथरुणात पडूनच भरमूची घडी बघायला लागला. चारी कोपरे जुळलेले दिसले की तो कूस बदलायचा. स्वतःचीच चीड यायची, पण नजर तिकडंच जायची.

आता नागोजीची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सोयरिकी जुळवण्यात तो पंचक्रोशीत नावाजलेला होता. मुलाची चौकशी करायची तर नागोजीला न्या, असं लोक म्हणायचे. त्याची रीतच वेगळी होती. तो कधी मुलाला चांगलं म्हणत जायचा नाही. चांगलं म्हटलं की सगळे माना डोलावतात आणि बिनधास्त खोटं बोलतात. हा त्या गावात जायचा, पाणवठ्यावर नाहीतर न्हाव्याच्या समोर बसायचा आणि आपलं सहज म्हटल्यासारखं म्हणायचा, "पोरगं दारू पितंय म्हणं. आयला मारतंय म्हणं." पोरगं खरंच चांगलं असेल तर कुणी ना कुणी उसळायचंच. कोण म्हणतंय, त्याला आणा हिकडं, म्हणून बाई घागर खाली ठेवून भांडायला उभी राहायची. की नागोजी खूष. आणि कुणीच उसळलं नाही, सगळे जमिनीकडे बघत बसले, की नागोजी पागोटं डोक्यावर ठेवून गाडीत बसायचा. अशा कितीतरी पोरी त्यानं वाचवल्या होत्या. आता स्वतःच्या पोरीची पाळी आली होती.

तो आधी गावच्या पोलीसपाटलाकडे गेला. मारुतीराव पाटील ओसरीवर सुपारी कातरत बसले होते.

"एखाद्यानं सजा भोगलीया का न्हाय, हे कुटं कळतंय पाटील?"

"माझ्याकडं माझ्या गावचं तेवढं. भायेरचा असंल तर तालुक्याला, फौजदार कचेरीत. नायतर सरळ हिंडलग्याच्या दारात जाऊन इचार. नायतर त्याच्या मूळ गावाला जा." पाटलांनी अडकित्ता थांबवला. "पर मी असतो तर कचेरीत गेलो नसतो."

"का वो?"

"आपलं असंच." पाटील पुन्हा सुपारी कातरायला लागले.

घरी नागोजीनं सांगितलं, थंडीनं हात ठणकतोय, बेळगावच्या दवाखान्यात दाखवून येतो. भरमू लगेच म्हणाला, "मी येतो की संगं, मामा. असल्या हातानं एकटं कशाला?"

"मग मळणी कोण बघंल?"

भरमूनं मान हलवली, आत गेला आणि आपलं घोंगडं आणून नागोजीच्या खांद्यावर टाकलं. "मोटारीत वारं लई लागतंय," म्हणाला. नागोजीला त्या घोंगड्याचं ओझं झालं. ते अंगावरनं काढून ठेवावं आणि घरात बसावं, असं एकदा त्याच्या मनात आलं. आलं तेव्हाच बसला असता तर!

तालुक्याच्या कचेरीत त्याला पायऱ्यांजवळ चपलांच्या शेजारी बसवलं. सावली सरकेल तसा तो सरकत राहिला. परशराम हवालदार येता-जाता त्याच्याकडे बघायचा आणि काही न बोलता जायचा. उन्हं कलायला आली तेव्हा कारकुनानं मान वर केली. "हेळप्पा, एनु बेकु?"

काय पाहिजे, एवढं कानडी नागोजीला येत होतं. पण असल्या कामाला आपली भाषा बरी म्हणून तो मराठीतच बोलला. "साहेब, आमच्यात एक गडी हाय. भरमू नावाचा. हिंडलग्यात सजा भोगून आलाय म्हणं."

आणि गप्प बसला. आता कुणीतरी, छे, तसं काही नाही, म्हणेल म्हणून वाट बघत राहिला. कारकुनानं टाक दौतीत बुडवला.

"पुढं?"

नागोजीला वाटलं, आपलं बोलणं फारच मऊ झालं. पाणवठ्यावरसुद्धा पहिल्याच बोलण्याला कुणी उसळत नाही, जरा जास्त टोचावं लागतं. "मूळ गावाचा पत्त्या न्हाय म्हणं. शिट्टी ऐकली की दचकतोय म्हणं."

"आणि?"

"ह्या भाताच्या चोऱ्या चालल्यात न्हवं? त्येचंच काम हाय म्हणं."

कारकून लिहीत होता. परशराम हवालदार दारात येऊन उभा राहिला होता. कुणी उसळत नव्हतं. पोरगं खोटं असलं की असेच सगळे गप्प बसतात, हे नागोजीनं आयुष्यभर बघितलेलं, त्यामुळं भावकूचंच खरं निघतंय असं त्याला वाटलं. पण ह्यांनी भरमूला कधी डोळ्यानं बघितलेलंच नाही, मग हे उसळणार कशाला? एवढी साधी गोष्ट त्या हुशार माणसाच्या ध्यानात आली नाही. त्याला उंची विचारली, ती त्यानं सांगितली. अंगावरची खूण विचारली, डाव्या भुवईवरचा वण सांगितला.

"अंगठा लाव."

"अंगठा कशाला, साहेब? मी नुसतं इचारायला आलतो."

"विचारायलाच. अंगठ्याशिवाय विचारता येत नाही."

नागोजीनं अंगठा लावला. कारकुनानं मागचं एक बाड काढून चाळलं आणि मान हलवली. "ह्या नावाचा आमच्याकडं कोण नाही."

"न्हाय न्हवं?" नागोजीचा जीव भांड्यात पडला.

"आत्ता तरी न्हाय," परशराम म्हणाला आणि वाटेतनं बाजूला झाला. शाई पुसायला नागोजीला फडकं मिळालं नाही. त्यानं अंगठा धोतराच्या आतल्या काठाला पुसला.

दुसऱ्या दिवशी तो हिंडलग्याला गेला. भिंत बघून तो आधी रस्त्याच्या कडेलाच उभा राहिला. बाहेर वांग्याच्या वाफ्यांना कैदी पाणी पाजत होते. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. काम संपलं तसं ते जोडीजोडीनं जमिनीवर बसले आणि शिपायानं त्यांना मोजलं. दारावरचा पहारेकरी उतारवयाचा होता, बोलण्यावरनं आपल्याच अंगाचा वाटला. नागोजीनं तिथंही आपली रीत चालवली. "भरमू म्हणून एक दरोडेखोर हितं होता म्हणं. उंच. डाव्या भुवईवर वण."

"आतलं भायेर सांगायचं नसतंय," पहारेकरी म्हणाला. मग त्याची नजर नागोजीच्या हातावर गेली. "लाकडाखाली?"

"व्हय."

"माझा भाऊ गेला तसाच." त्यानं मागच्या दाराकडं बोट केलं. "हे बघ पाव्हणं, माझी सगळी नोकरी ह्या दारावर गेली. नाव माणूस बदलतोय, तोंड बदलत न्हाय. असला वण असलेला माणूस मी आत घेतलेला न्हाय. जा घराकडं."

नागोजीला तिथंच पाया पडावंसं वाटलं. तरी म्हटलं, आता निघालोच आहे तर मूळ गाव राहू नये. बेळगावातनं निपाणीची मोटार धरली, पुढं विचारत विचारत चालत गेला. भरमू सांगायचा त्या मळ्यात बाबगोंडा पाटील नावाचा म्हातारा जैन शेतकरी तंबाखूचे शेंडे खुडत होता. हाताला चिकाचा काळा थर, चेहरा उन्हानं रापलेला. नागोजी बांधावर बसला, तंबाखूचं पान हुंगलं, पिकाची चौकशी केली आणि मग हळूच म्हणाला, "हितला भरमू म्हणून एकजण आमच्याकडं हाय. चोर हाय म्हणं."

म्हाताऱ्याच्या हातातला शेंडा खाली पडला.

"कोण म्हंतंय?"

"लोकं म्हंत्यात."

"लोकांस्नी घिऊन ये हितं. माझ्या पुढ्यात हुबा कर." बाबगोंडा बांधावर चढून आला. "मराठ्याचं पोर ते, माझ्या वाटेकऱ्याचं. मानमोडीत त्याच्या घरातली सगळी गेली. आय, बाप, दोन भणी. गाडीत घालून मी नेलो त्यास्नी, दुसरं कोण शिवंना. हे तेवढं ऱ्हायलं. जंगलात जाईस्तोवर माझ्या गोठ्यात निजायचं. एक दीस फुकटची भाकरी खाल्लं न्हाय. शेणघाण केल्याबिगर ताटावर बसायचं न्हाय. आन् त्याला चोर म्हंतोस? जीभ झडंल तुझी."

नागोजी रडायला लागला. बांधावर बसूनच, पागोट्याचा सोगा तोंडाला लावून. म्हातारा गोंधळला. मग सगळं ऐकल्यावर त्याला हाताला धरून घरी घेऊन गेला. त्याची बायको राजमती गुळाचा खडा आणि पाणी घेऊन आली, म्हणाली, "लगीन कधी हाय ते कळवा हां. मांडवात आमीच त्याचे आयबाप म्हणून बसतो." नागोजीनं निपाणीच्या बाजारात जयासाठी खण घेतला, मोटारीत ते घोंगडं दोन्ही हातांनी घट्ट लपेटून घेतलं आणि परतीच्या वाटेवर त्याला इतकं हलकं वाटलं की ओळखपाळख नसलेल्या शेजारच्या माणसालाही तो जावयाचं कौतुक सांगत बसला.

घरी आला तर खळं मोकळं. बैल तसेच जुंपून उभे आणि जया त्यांची दोरी धरून बसलेली. मालुबाई उंबऱ्यात होती.

"भरमू कुटं हाय?"

"चावडीवर. परशराम हवालदार आलाय. सकाळधरनं बसवून घेतलंय त्येला." तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. "तुमी कुणाला काय सांगितलासा काय वो?"

खण तसाच कंबरेला खोचलेला, नागोजी चावडीकडं पळाला.

भरमू चावडीच्या पायरीखाली उकिडवा बसला होता. गावातली माणसं भिंतीला टेकून उभी. भावकू त्यात होता, पण तोसुद्धा आज हसत नव्हता. हवालदार सांगत होता, आजपासनं ह्यानं सकाळी आणि दिवस मावळताना चावडीवर हजेरी द्यायची, गाव सोडायचं नाही, हजेरी चुकली तर पाटलानं तालुक्याला कळवायचं.

नागोजीनं हवालदाराला देवळाच्या मागं गाठलं. "दादा, मी निपाणीला जाऊन आलो. पोरगं धुतल्या तांदळासारखं हाय. हिंडलग्यालाबी इचारून आलो. त्येवढं माझं खोडून टाका."

"लिहिलेलं खोडत न्हाईत." परशराम तसा वाईट बोलला नाही. उलट समजावून सांगितल्यासारखं बोलला. "एवढ्या चोऱ्या झाल्यात. वरनं रोज इचारत्यात, कोणावर संशय हाय का. एकाही गावातनं एकबी माणूस बोलाय आला न्हाय. तू तेवढा आलास."

"पर मी सोयरिकीचं इचारायला आलतो."

"मग तसं सांगायचं हुतं."

हे नागोजीनं घरात सांगितलं नाही. भरमूनंही काही विचारलं नाही. सकाळ-संध्याकाळ चावडीवर जायचा, यायचा, आल्या आल्या बैलांमागं लागायचा. पण मळणीचा ऐन वेळ तिकडंच मोडायचा. पैऱ्याला, म्हणजे कामाच्या बदल्यात कामाला येणारी माणसं येईनाशी झाली. एकाच्या बैलाला ताप आला, एकाच्या बायकोला. भरमू वाटेनं निघाला की बायका आपली भांडी आत घ्यायच्या. त्याला ते दिसायचं. तो मान खाली घालून वाटेच्या कडेकडेनं चालायचा, आणि ते बघून तर लोकांना जास्तच संशय यायचा. जया आता स्वतः पेंढ्या उलथायला उभी राहिली. हात सोलवटले तिचे. नागोजी डाव्या हातानं सूप धरून वारं द्यायचा आणि धान्यापेक्षा भुसाच त्याच्या अंगावर यायचा.

एका संध्याकाळी जया म्हणाली, "आप्पा, पाटलास्नी सांगा की. तुमचं ऐकत्यात सगळी."

"सांगतो," नागोजी म्हणाला आणि गोठ्यात जाऊन उगीचच गव्हाण झाडत बसला.

मग नदीपलीकडच्या वाडीत आणखी एक रास गेली. गेली तेव्हा भरमू चावडीवर मारुतीरावांच्या डोळ्यांसमोर बसलेला होता. नागोजीला वाटलं, सुटला पोरगा. पण दुसऱ्या दिवशी परशराम दोन शिपाई घेऊन आला आणि भरमूच्या मनगटाला दोरी बांधली.

"अवो, त्यो हितंच हुता," नागोजी म्हणाला.

"ह्यो हितं हुता. ह्याचं साथीदार तिकडं हुतं."

"कोण साथीदार?"

"तेच इचारायचं हाय त्याला." हवालदारानं दोरीची गाठ ओढून बघितली. "आन् तुझं खळं तेवढं सुटतंय, तेबी साहेबाला सांगायचं हाय."

मालुबाईनं शिपायांच्या पायाशी लोळण घेतली. भरमूच तिला म्हणाला, "मामी, उटा. जाऊन येतो की." जया चौकटीला धरून उभी होती. ती रडली नाही, ओरडली नाही. भरमू वळणाआड गेला तरी चौकट सोडेना, तेव्हा आईनं तिची बोटं एक एक करून सोडवली.

प्रांतसाहेबांचा मुक्काम तालुक्याच्या बंगल्यात पडला होता. भरमूवर चोरीचा आरोप नव्हताच. चोरीचा माल सापडला नव्हता, बघणारा कुणी नव्हता. सरकारचं म्हणणं एवढंच की माणूस संशयित चालीचा आहे, चांगल्या वागणुकीचा जामीन द्यावा, नाहीतर एक वर्ष आत बसावं. जामीन ह्याच तालुक्यातला, जमीन असलेला पाहिजे. त्यामुळं बाबगोंडा पाटलाचा उपयोग नव्हता. मारुतीरावांना नागोजीनं पाय धरून विचारलं. ते म्हणाले, "चोऱ्या थांबल्या न्हाईत, नागोजी. मी जामीन ऱ्हायलो आन् उद्या काय झालं तर पाटीलकी जाईल." म्हणताना त्यांनाही वाईट वाटत होतं. पण राहिले नाहीत ते नाहीतच.

"मी ऱ्हातो जामीन," नागोजी बंगल्यात साहेबांच्या पुढं होऊन म्हणाला. "जमीन हाय माझ्या नावावर."

साहेबांचे कागद सांभाळणाऱ्या शिरस्तेदारानं कागद उलटले आणि वाचायला सुरुवात केली. नागोजी वल्द अमका, राहणार करंजवाडी, यानं स्वतः कचेरीत येऊन जबाब दिला की, भरमू नावाचा इसम हिंडलग्याच्या जेलात सजा भोगून आला आहे, त्याच्या मूळ गावाचा पत्ता नाही, आणि अलीकडच्या भाताच्या चोऱ्या त्याच्याच आहेत. खाली अंगठा.

भरमूनं मान वळवली. इतके दिवस त्यानं कुणाकडं मान वर करून बघितलं नव्हतं. आता तो नागोजीकडं बघत होता. रागानंसुद्धा नाही. राग असता तर नागोजीला बरं वाटलं असतं.

"ते खोटं हाय, साहेब," नागोजी म्हणाला. "म्या खोटं बोललो."

साहेबांनी शिरस्तेदारामार्फत विचारलं, "तेव्हा खोटं बोललास की आता बोलतोयस?"

"तवा. सोयरिकीत असंच बोलत्यात, साहेब. वाईट बोलायचं, म्हंजे चांगलं असंल ते भायेर येतंय. आमच्यात तशी रीत हाय. मी पोरीसाठी... मी हिंडलग्यालाबी गेलतो. दारावर इचारलं, न्हाय म्हणालं. निपाणीला गेलो, तितं बाबगोंडा पाटील हाय, त्यो म्हणाला..." तो बोलत राहिला. सगळं, उसळणाऱ्या बायकांचं, घागरींचं, वाचवलेल्या पोरींचं. घाम पुसत बोलला. शिरस्तेदारानं ते सगळं साहेबांना इंग्रजीत सांगितलं. ते दोन शब्दांत संपलं.

साहेबांनी मान हलवली. ज्यानं संशय घेतला तोच जामीन कसा राहणार, असं ते म्हणाल्याचं शिरस्तेदारानं सांगितलं. सही झाली. एक वर्ष.

बाहेर चिंचेखाली परशरामानं भरमूला बसवलं. बेळगावला नेणारी गाडी यायची होती. नागोजी जवळ गेला. हवालदारानं अडवलं नाही, थोडा बाजूला जाऊन तंबाखू मळत उभा राहिला.

"भरमू," नागोजी म्हणाला. जमीन दुभंगली असती तर तो त्यात उतरला असता.

"तांबड्या बैलाच्या खुरात खडा हाय," भरमू म्हणाला. "काढायचा ऱ्हायलाय. जयाला सांगा. पर जपून काढ म्हणावं, लाथ मारतोय."

"सांगतो."

रस्त्यानं लाकडाच्या गाड्या जात होत्या. मग भरमूनं विचारलं, "मामा, तुमी हिंडलग्याला जाऊन आलायसा न्हवं?"

नागोजीनं मान हलवली.

"मी कधी बघितलेलं न्हाय. कसं हाय तितं?"

पोरानं विचारलं होतं, आणि ह्या एका विचारण्याला तरी खरं उत्तर द्यायला हवं होतं. "भिंत लई उंच हाय," तो म्हणाला. "भायेर वांग्याचं वाफं हायत. काम तुला जमंल तसलंच हाय, मातीचं. पाणी हाय बक्कळ." तो थांबला. "दारावरचा पहारेकरी आपल्याच अंगाचा हाय. म्हातारा हाय, माणूस बरा हाय. त्येला भेट."

"मला कुटलं वळखतोय त्यो?"

"वळखंल," नागोजी म्हणाला. "तुझं नाव म्या त्येला सांगून आलोय."

भरमूनं बरं म्हटलं. गाडी आली तसा तो उठला आणि दोरी ताणली जाऊ नये म्हणून परशरामाच्या बरोबरीनं चालायला लागला.